घराजवळची खानावळ

ऑफिसात त्यांना कानबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं त्यांना जास्त चांगलं ऐकू यायचं. कान हाच त्यांचा धंदा होता. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचे कान तपासायचे, साचा घ्यायचा आणि मशीन बसवायचं. साचा घेताना दोऱ्याला बांधलेला कापसाचा बोळा कानात सरकवायचा, त्यावर पिचकारीने गुलाबी लगदा भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत समोरच्या आजोबांना दम द्यायचा, की बोलू नका, जबडा हलवू नका, नाहीतर परत पहिल्यापासून करीन. आजोबा बिचारे डोळे मिटून बसायचे.

कंपनीचं दुकान शहरात, पण गिऱ्हाईक लांबलांबच्या गावांत, म्हणून फिरती असायची. बाकीचे लोक फिरतीचं नाव काढलं की आजारी पडत. कुणाची पाठ धरायची, कुणाची सासू नेमकी त्याच आठवड्यात यायची. कानबाई मात्र कायम तयार. राखाडी पेटी उचलली की निघाल्या बसस्टँडवर. लोकांना वाटायचं, काय ही कामाची हौस! हौस कसली डोंबलाची. त्या जेवायला जात होत्या.

जिभेचे चोचले म्हणून नव्हे हं. तसा गैरसमज नको. फिरतीच्या प्रत्येक गावात त्यांना एकेक खानावळ सापडली होती. शोधायची त्यांची रीत अशी, की काम आटोपलं की पाय नेतील तिकडे जायचं आणि जिथे बसचे ड्रायव्हर मन लावून जेवताना दिसतील तिथे शिरायचं. डोंगराकडच्या गावात पेट्रोल पंपामागे एक पत्र्याची शेड होती, तिथल्या बाई पातेल्यातून थेट ताटात रस्सा ओतायच्या. धरणाजवळच्या गावात एक म्हातारा फक्त तळलेला मासा आणि भात द्यायचा, आणि मासा संपला की दार लावून खुशाल झोपायचा. जंक्शनच्या गावात तर खानावळ सायकल दुरुस्तीच्या दुकानातच होती. एकीकडे पंक्चर, एकीकडे आम्लेट. बरं, चव म्हणाल तर कुठे फार वाखाणण्यासारखी होती असंही नाही. पण दारात पाऊल टाकलं की आतून कुणीतरी म्हणायचं, "या, मशीनवाल्या बाई, या खेपेला उशीर केलात." तेवढ्यासाठी कानबाई दिवसभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायच्या.

कारण घरी असं म्हणणारं कुणी नव्हतं. लग्न झालं नाही. का नाही झालं, ती गोष्ट लांबलचक आणि कंटाळवाणी आहे, सोडून द्या. आई होती तोवर घरात आवाज होता. आई गेली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत बोलायला फ्रिज तेवढा उरला. भाऊ लांबच्या देशात. त्याचा फोन यायचा, पण त्यातला निम्मा वेळ हवापाण्यावर जायचा आणि उरलेला 'अजून काय?' यावर.

आता झाकून ठेवण्यात अर्थ नाही, सांगूनच टाकतो. कानबाई या खानावळींमधून थापा मारायच्या. साध्यासुध्या नाही, चांगल्या सणसणीत.

सुरुवात झाली पेट्रोल पंपामागच्या शेडमध्ये. वाढता वाढता तिथल्या बाईंनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" कानबाईंनी खरं ते सांगितलं, की मी एकटीच. झालं! बाईंचा हात तसाच थांबला, चेहरा उतरला, आणि "अगं बाई गं" म्हणत त्यांनी आणखी एक पळी रस्सा वर ओतला. तो काही केल्या कानबाईंच्या घशाखाली उतरेना. पुढच्या गावात तोच प्रश्न आला तेव्हा त्यांच्या तोंडून फटकन निघून गेलं, "मिस्टर आणि दोन मुलगे." काय सांगावं! समोरची बाई लगेच स्टूल ओढून बसली आणि मुलगे म्हणजे डोक्याला किती ताप, यावर अगदी मनापासून बोलत राहिली. कानबाईंनीही आपल्या मुलग्यांच्या चार तक्रारी केल्या. बसमध्ये परत येताना त्यांना त्या मुलग्यांची थोडी काळजीसुद्धा वाटली.

मग काय, गावोगाव संसार उभे राहिले. धरणाजवळ दोन मुलगे होते, मिस्टर शिक्षक होते आणि त्यांना रक्तदाब होता. जंक्शनवर एकुलती एक मुलगी होती, हुशार पण उद्धट. एका ठिकाणी तर सासू होती, आणि इतकी खाष्ट की तिच्याबद्दल सांगताना कानबाईंचा खरोखर संताप व्हायचा.

हे आज ना उद्या अंगाशी येणारच होतं. एका बसड्रायव्हरने घोळ केला. हा गडी धरण आणि जंक्शन अशा दोन्ही मार्गांवर गाडी चालवायचा आणि दोन्हीकडे जेवायचा. जंक्शनवर कानबाई मुलीच्या परीक्षेचं सांगत होत्या, तेवढ्यात तो पलीकडच्या बाकावरून म्हणाला, "अहो पण बाई, धरणावर तर तुम्हाला दोन मुलगे होते!" त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, भाबडेपणाने विचारलं त्याने. आम्लेटवाल्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा कानबाईंकडे पाहिलं, आणि त्याला सगळं उमगलं. तो चिडला असता तर परवडलं असतं. त्याने आणखी एक गरम आम्लेट आणून कानबाईंच्या ताटात ठेवलं. त्या क्षणी जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. त्या गावाची फिरती त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात मारली आणि पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत.

पुढे कंपनीने फिरतीच बंद केली. आता गिऱ्हाइकांनी शहरात यायचं, असं ठरलं. ऑफिसात सगळ्यांनी एकमेकांना पेढे भरवायचे तेवढे बाकी ठेवले. कानबाईंना मात्र तो पेढा गोड लागला नसता. आता रोज संध्याकाळी घर, आणि घरात पाव, अंडं, आणि फ्रिज.

त्यांच्या घरामागच्या गल्लीत, लाँड्रीला लागून, एक खानावळ होती. हिरवं शटर, आत सहा टेबलं. वर्षानुवर्षं त्या तिच्यावरून जात होत्या आणि एकदाही आत गेल्या नव्हत्या. लांबच्या गावात एकटं जेवण्यात काही विशेष नसतं, माणूस कामावर आलेला असतो. घराजवळ एकटं जेवायला बसणं म्हणजे चारचौघांत कबूल करणं, की वर तिसऱ्या मजल्यावर आपली वाट बघणारं कुणी नाही. पण एका संध्याकाळी पाव जळला, दुसरा शिल्लक नव्हता, आणि कानबाई तशाच जिना उतरून हिरव्या शटरखालून आत शिरल्या.

मालक साठीचे असतील. अंगाने आडवे, मिशी पांढरी, चेहरा हसतमुख. त्यांनी भिंतीकडच्या टेबलाकडे हात केला, एक बोट वर करून 'एकच ना?' असं नुसत्या भुवयांनी विचारलं आणि ताट आणून ठेवलं. भात, रस्सा, बटाट्याची भाजी, उकडलेलं अंडं. इथे ही अशीच पद्धत होती. काय हवं, काय नको हा प्रश्नच नाही. एकच ताट. आज जे शिजलंय ते. किती माणसं ते बोटांनी सांगायचं, आणि मालकांनी तीच बोटं आत चुलीजवळच्या मेहुण्याला दाखवायची. आजूबाजूच्या लोकांना या पद्धतीचं भारी कौतुक. "कटकट नाही," म्हणायचे, "घरच्यासारखं."

कानबाईंना ते ताट आवडलं. त्याहून मालकांचं हसणं आवडलं. आणि हात धुताना त्यांनी मनाशी एक गोष्ट पक्की केली. इथे थाप मारायची नाही. इथे संसार थाटायचा नाही. बाहेरगावी ज्या बाईला लोक ओळखत होते ती बाई जगात नव्हतीच. तिला 'या, उशीर केलात' म्हटलं काय आणि न म्हटलं काय, कानबाईंच्या पदरात काय पडत होतं? मरायच्या आधी एक तरी दार असं असावं, जिथून आत गेल्यावर समोरच्याला आपण कोण ते खरोखर ठाऊक असेल. त्यांना दुसरं काही नको होतं.

ठरवणं सोपं असतं. चार-पाच संध्याकाळी नुसत्याच गेल्या. मग एकदा मालक पाणी ठेवायला आले तेव्हा कानबाईंनी खाली ताटाकडे बघतच सांगून टाकलं, "मी एकटीच राहते हो. घरी कोणी नाही माझ्या."

आणि श्वास रोखून वर पाहिलं. मालकांचा चेहरा उतरला नव्हता. ते तसेच प्रेमाने हसत होते. "हो हो," ते म्हणाले, "असं असतं." आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

कानबाईंचा जीव भांड्यात पडला. असं असतं! किती साधं उत्तर. ना हळहळ, ना जास्तीची पळी. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

त्यानंतर बांधच फुटला म्हणा ना. रोज थोडं थोडं करत कानबाईंनी सगळं सांगितलं. गर्दी ओसरली की मालक खांद्यावर फडकं टाकून त्यांच्या टेबलापाशी उभे राहायचे आणि त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत ऐकायचे. लग्न कसं मोडलं, ती लांबलचक गोष्टसुद्धा त्यांनी मालकांना सांगितली. गावोगावच्या थापा सांगितल्या, त्या खाष्ट सासूसकट, आणि सांगता सांगता स्वतःच खुदकन हसल्या. मालकही हसले. भावाचा राग सांगितला तेव्हा मालकांनी गंभीरपणे मान हलवली. "होईल सगळं नीट," ते म्हणाले. निघताना कधीमधी ते एक पुडी हातात ठेवायचे, त्यात पाव आणि एखादं अंडं. कानबाईंना वाटायचं, एकट्या बाईने सकाळी कुठे चूल पेटवावी, म्हणून देत असतील. त्यांनी ती आनंदाने घेतली. ही कीव नव्हती. ही ओळख होती, असं त्यांना वाटलं. ऑफिसात मुली म्हणायला लागल्या, "कानबाई हल्ली ओरडत नाहीत, बरं आहे ना त्यांना?"

मग ती संध्याकाळ आली. आई ज्या दिवशी गेली, तो दिवस. दरवर्षी कानबाई तो घरात दार लावून काढायच्या. या वर्षी त्या खानावळीत आल्या. शेवटच्या दिवशी आईने पाणी मागितलं होतं आणि त्या फिरतीवर होत्या; ही गोष्ट त्यांनी आजवर कुणालाही सांगितली नव्हती, भावालासुद्धा नाही. ती त्यांनी मालकांना सांगितली. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि कसनुसं हसूही येत होतं, कारण इतक्या वर्षांनी ते एकदाचं तोंडातून बाहेर पडलं होतं.

मालकांचा चेहरा फुलून आला. "वा!" ते म्हणाले. "छान झालं! फार छान झालं!" आणि आत जाऊन वाटीभर खीर घेऊन आले.

कानबाईंना कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्या उठल्या, खीर तशीच ठेवली आणि चालू पडल्या. घरी येऊन चपला न काढताच पलंगावर बसल्या. इतका निर्दय माणूस! वर खीर! पुढे आठवडाभर त्यांनी गल्ली बदलली. पाव खाल्ला, अंडं खाल्लं, फ्रिजचं ऐकलं. ऑफिसात पुन्हा ओरडायला लागल्या, त्यामुळे मुलींचा जीव शांत झाला.

पण राग असा आतल्या आत शिजवून चालत नाही. रविवारी दुपारी त्यांनी ठरवलं, तोंडावर दोन शब्द ऐकवायचे आणि मग कायमचा रामराम. वाक्यंसुद्धा तयार केली, चांगली झोंबणारी. खानावळ गच्च भरली होती. मालक दाराकडे पाठ करून टेबल पुसत होते. कानबाई उंबऱ्यात पोचल्या आणि त्याच वेळी आत मेहुण्याच्या हातून स्टीलच्या ताटांची अख्खी चळत निसटली. असा काही आवाज झाला, की जेवणारे दचकून उभे राहिले. एका बाईच्या कडेवरचं पोर किंचाळायला लागलं. कोपऱ्यातल्या माणसाने भातासकट चमचा उडवला.

मालक टेबल पुसत होते. त्यांचा हात एक क्षणसुद्धा थांबला नाही.

कानबाई तिथेच उभ्या राहिल्या. अहो, या बाईने आयुष्यभर दुसरं केलं काय होतं? ऐकू न येणारा माणूस कसा ओळखायचा, हे त्या ऑफिसातल्या नव्या मुलींना घसा ताणून शिकवायच्या. तो हसतो फार. 'हो हो' फार करतो. बोलणाऱ्याच्या तोंडावरची नजर काढत नाही. स्वतः होऊन काही विचारत नाही, कारण विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. सगळं, सगळं रोज डोळ्यांसमोर होतं. मेहुण्याला बोटं दाखवणं होतं. एकच ताट होतं. आणि कानबाईंना ते दिसलं नाही, कारण कुणीतरी आपलं ऐकतंय या आनंदात त्यांचे डोळे मिटले होते.

राग एकदम उतरला आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. म्हणजे त्या एकट्या राहतात, हे या माणसाला ठाऊक नव्हतं. आईचं ठाऊक नव्हतं. काहीच ठाऊक नव्हतं. इतके महिने मन मोकळं केलं ते भिंतीपाशी. त्यापेक्षा गावोगावचे ते खानावळवाले बरे. त्यांनी खोटं का होईना, ऐकलं तरी होतं.

त्या भिंतीकडच्या टेबलाशी बसल्या. मालकांनी त्यांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की कानबाईंना बघवेना. ताट आलं. जेवता जेवता त्यांच्या मनात एक नीच विचार येऊन गेला: राहू दे ना तसंच. मशीन नाही, काही नाही. न ऐकणारा माणूस किती सोयीचा! त्याला रोज सगळं सांगावं आणि त्याने रोज हसावं. उलट ह्याला ऐकू यायला लागलं आणि आपण पुन्हा सांगितलं, की ह्याचाही चेहरा उतरणार, ह्याचाही पळीचा हात थांबणार, आणि हेही दार गेलं. त्यांनी भात संपवला. मग स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली, कारण समोर एक बिघडलेला कान होता आणि कानबाई तो तसाच सोडून उठणाऱ्यातल्या नव्हत्या.

गर्दी संपल्यावर त्या मालकांच्या समोर, उजेडात उभ्या राहिल्या. एकेक शब्द ओठांवर नीट दिसेल असा म्हणाल्या, "मालक, कधीपासून ऐकू येत नाही?"

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दाराकडे पाहिलं, आतल्या खोलीकडे पाहिलं आणि घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले, "हळू बोला हो, कुणी ऐकेल!"

कानबाईंना अशा वेळीही हसू आलं.

मग ते हळूहळू बोलले. कान जायला लागून बरीच वर्षं झाली होती. बायको होती तेव्हा अडत नव्हतं. ती गल्ल्यावर बसायची, गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐकायची आणि यांना कोपराने खुणवायची. तेव्हा भिंतीवर लांबलचक पाटी होती, वीस प्रकार मिळायचे. बायको गेली आणि कोण काय मागतंय ते कळेना. माशाच्या जागी अंडं गेलं, भांडणं झाली. तेव्हा त्यांनी पाटीच उतरवली आणि एकच ताट ठेवलं. "लोक म्हणतात, घरच्यासारखं," मालक ओशाळून म्हणाले. "म्हणोत बापडे. पण कुणाला सांगू नका, ताई. बहिरा मालक म्हटलं की लोक चेष्टा करतात."

कानबाईंनी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्याच दुपारी पेटी घेऊन आल्या आणि खानावळीतच, शटर अर्धं ओढून, मालकांच्या कानात गुलाबी लगदा भरला. जबडा हलवू नका असा दम दिला. पुढच्या आठवड्यात मशीन तयार झालं.

दुपारची वेळ होती. जेवणारे गेले होते, आत मेहुणा भांडी घासत होता, धूर ओढणारा मोठा पंखा घरघरत होता. कानबाईंनी मशीन मालकांच्या कानात बसवलं. या क्षणी त्या नेहमी बाजूला सरकायच्या आणि घरच्या माणसाला पुढे करायच्या. बायकोला, मुलीला, नातवाला. म्हणायच्या, बोला काहीतरी, पहिला आवाज तुमचा जाऊ दे. इथे पुढे करायला कुणी नव्हतं. मेहुणा हात फेसात बुडवून पाठमोरा उभा होता. तेव्हा कानबाईंनीच बटण दाबलं आणि घसा खाकरून म्हणाल्या, "मालक, येतंय का ऐकू?"

मालक दचकले. मग त्यांनी टेबलावर टिचकी मारली. खुर्ची सरकवली आणि तोंड वाकडं केलं. "हो," ते म्हणाले आणि आपलाच आवाज ऐकून थबकले. "माझा आवाज असा म्हाताऱ्यासारखा कधी झाला?"

"हळूहळू झाला असणार," कानबाई म्हणाल्या.

मालक त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुमचा आवाज बारीक आहे की, ताई. मी आपला जाडाभरडा धरून चाललो होतो." मग खुर्चीत पुढे सरकून, इतके दिवस मनात साठवलेला पहिला प्रश्न त्यांनी विचारला. "मिस्टर कसे आहेत आता?"

"कोणाचे?"

"तुमचे! रोज सांगत होतात ना? शब्द नव्हते कळत, पण माणसाच्या तोंडावरून कळतंच की. कपाळाला आठ्या पडायच्या तेव्हा सासूबाईंचं असणार. हसायचात ते मुलांच्या खोड्यांबद्दल. मिस्टर आजारी असावेत, म्हणून तुम्ही एकट्याच जेवायला येता, असं मी धरलं. म्हणून तर ती पुडी द्यायचो, त्यांच्यासाठी. आणि त्या दिवशी तुम्ही हसत होतात, रडत होतात, तेव्हा लगेच ओळखलं मी. मुलीला बाळ झालं! खीर न खाताच पळालात, बाळाकडे जायची घाई असेल. मुलगा की मुलगी?"

काय करावं या माणसाला? जगात एका ठिकाणी त्यांनी खरं सांगितलं होतं, आणि तिथे यानेच बसून त्यांच्यासाठी सगळा संसार उभा केला होता. आणि केला होता तो इतक्या मायेने. मिस्टर, सासू, मुलं, वर नातवंडं! गावोगाव त्यांनी मांडलेल्या सगळ्या संसारांपेक्षा हा भरलेला होता. त्यात राहायला जायचं तर नुसतं 'मुलगी' म्हणायचं होतं. किंवा 'मुलगा'. मालकांनी लगेच खीर आणली असती.

जीभ तिथवर आलीसुद्धा. कानबाईंनी ती आवरली.

"मालक," त्या म्हणाल्या, "मिस्टर नाहीत. कधीच नव्हते. लग्न झालं नाही माझं. मुलगी नाही, बाळ नाही. आई होती, ती गेली. त्या दिवशी मी ते सांगत होते."

मालकांचं हसू तसंच राहिलं, मग हळूहळू विरलं. त्यांचा हात वर उचलला गेला आणि कानाकडे गेला. कानबाईंनी तो हात हजार वेळा पाहिला होता. पहिल्या दिवशी सगळे हेच करतात. भांड्यांचा, पंख्याचा, सगळ्या जगाचा गलका एकदम डोक्यात शिरतो, तो सोसवत नाही, आणि मशीन काढून खिशात जातं. पुन्हा 'हो हो' सुरू होतं. त्यांनी मनात म्हटलं, काढेल आता. बरोबर आहे त्याचं, कशाला ऐकावं त्याने? त्या पेटी आवरायला लागल्या.

मालकांनी हात कानावर तसाच धरून ठेवला आणि उठले. आतल्या दारापर्यंत गेले. आणि आपला आवाज केवढा आहे याचा अंदाज नसल्यामुळे इतक्या मोठ्याने ओरडले, की शेजारचा लाँड्रीवाला बाहेर येऊन बघायला लागला.

"भांडी ठेव खाली! तो पंखा बंद कर आधी! ताई बोलतायत!"

मेहुणा फेसाळ हातांनी वळून बघतच राहिला. मग त्याने नळ बंद केला. पंखा घरघर करत थांबला. खानावळीत एकदम इतकं शांत झालं, की मालकांना आपल्याच चपलांचा आवाज ऐकू आला असावा, कारण ते दबकत परत आले. खुर्ची न खरवडता हळूच उचलली, कानबाईंच्या समोर ठेवली आणि मशीनवाला कान त्यांच्याकडे करून बसले.

"हं," ते म्हणाले. "आता सांगा. पहिल्यापासून. मला यातलं काहीच माहीत नाही."

महिनोन्‌महिने घडाघडा बोललेल्या कानबाईंना पहिला शब्द सापडेना. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं, पुन्हा उघडलं. मालक कान पुढे करून वाट बघत बसले.